लाल टॅग आणि गंजका ठोकळा

डिप्लोमा झाल्या झाल्या भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा पहिलं काम मिळालं ते फाइव्ह एसचं, म्हणजे कामाची जागा नीट लावायच्या जपानी पद्धतीचं. नव्या पोराला मशीनवर सोडता येत नाही आणि नुसतं बसवूनही ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या हातात नको असलेल्या वस्तूंना लावायच्या लाल टॅगचा गठ्ठा देतात. तुमच्याही हातात येईल. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे पाच जपानी शब्द मला तोंडपाठ होते. पहिल्याचा अर्थ नको ते वेगळं काढणं, आणि मी काढत सुटलो.

१०० टनी प्रेसच्या मागे, तेलाच्या ट्रेजवळ, कडा झिजलेला एक गंजका लोखंडी ठोकळा पडलेला होता. कशाचा आहे ते कुणालाच विचारलं नाही. टॅग लावला, संध्याकाळी भंगाराच्या ट्रॉलीत टाकला आणि ‘आधी’ व ‘नंतर’ असे दोन फोटो बोर्डावर डकवले. शाबासकीही मिळाली.

दोन दिवसांनी तिसऱ्या शिफ्टला त्या प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायची होती. डाय बसवणाऱ्या सेटरला तो ठोकळा सापडेना. त्याने मोडक्या पॅलेटचा लाकडी तुकडा रॅमखाली, म्हणजे प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाखाली, उभा केला आणि डायमध्ये हात घालून काम सुरू केलं. पाना घ्यायला तो मागे वळला आणि तेवढ्यात रॅम सरकन खाली आला. ब्रेकचं लायनिंग झिजलेलं होतं. लाकडाच्या चिरफळ्या झाल्या, हाताला काही झालं नाही. सकाळी आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्या चिरफळ्या घेऊन माझ्याकडे आले. “साहेब, तुमच्या बोर्डावर हेही लावा,” एवढंच म्हणाले.

तो होता सेफ्टी ब्लॉक. डाय बसवताना किंवा दुरुस्त करताना रॅम आणि बोल्स्टर, म्हणजे खालची जाड प्लेट, यांच्या मध्ये उभा करायचा, म्हणजे रॅम आपल्या वजनाने खाली आला तरी त्यावर अडतो. पण तो पेलतो फक्त रॅमचं आणि वरच्या डायचं वजन. मोटर चालू असताना चुकून स्ट्रोक बसला तर ठोकळा प्रेसला थांबवत नाही, उलट फुटून किंवा उडून अंगावर येतो. म्हणून चांगल्या ठिकाणी ठोकळ्याला साखळीने एक प्लग जोडलेला असतो. ठोकळा उचलायचा तर प्लग काढावाच लागतो, आणि प्लग निघाला की मोटरचा सप्लाय तुटतो. तरी फ्लायव्हील काही वेळ फिरतच राहतं. ते पूर्ण थांबू द्या, हवेची लाइन बंद करून आतलं प्रेशर सोडून द्या, मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवा. ‘मी बघतो, तू कर’ म्हणणाऱ्याच्या खिशात ती देऊ नका.

त्या प्रकारानंतर नवा ठोकळा आला तो ॲल्युमिनियमचा, कारण जड ठोकळा उचलायचा कंटाळा येतो आणि मग लोक पॅलेटची फळी शोधतात. पिवळा रंग देऊन तो प्रेसच्या खांबालाच कमरेच्या उंचीवर टांगला. सेइतोन, म्हणजे प्रत्येक वस्तूला तिची जागा, हे मला तेव्हा कळलं. जुना ठोकळा जमिनीवर, तेलाजवळ पडलेला असायचा, कारण त्याला जागाच दिलेली नव्हती. आणि तो तिथे आहे हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून माझा नियम असा, की जी वस्तू विचित्र ठिकाणी दिसते ती तिथे कुणी ठेवली आणि कशासाठी, हे तिन्ही शिफ्टना विचारायचं. तिसऱ्या शिफ्टला आवर्जून, कारण रात्री स्टोअर बंद असतं, मेंटेनन्सची माणसं कमी असतात आणि जुगाड तिथेच जन्माला येतात. टॅग लावलेली वस्तू लगेच भंगारात टाकायची नाही, तारीख घालून महिनाभर वेगळ्या जागी ठेवायची.

असाच अनुभव दोन हातांच्या बटणांचा. प्रेसला दोन बटणं असतात ती दोन्ही हात डायबाहेर राहावेत म्हणून. एका मशीनवर एक बटण रबर बँडने दाबून ठेवलेलं दिसलं. कारखाने अधिनियम, १९४८ मधलं मशीनच्या धोकादायक भागांना संरक्षण लावण्याबद्दलचं कलम २१ इंडक्शनला पाठ केलेलं, त्यामुळे मी मेमो लिहायला निघालो. मामा म्हणाले, “आधी तासभर तुम्ही दाबून बघा.” वीस मिनिटांत खांदे भरून आले. बटणं उंच माणसाच्या हिशोबाने बसवली होती आणि ऑपरेटर बुटका होता. स्टँड खाली घेतला, रबर बँड गेला. सुरक्षेला असा बायपास खपवून घ्यायचा नाहीच, मशीन त्याच मिनिटाला बंद करा. पण बायपास का झाला हे शोधल्याशिवाय नुसता मेमो दिला, तर पुढच्या वेळी रबर बँड जास्त सफाईने लपवलेला सापडेल.

हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा, म्हणजे लाइट कर्टन, लावला की काळजी मिटली असं नव्या इंजिनिअरना वाटतं. हात सेकंदाला २ मीटर वेगाने आत जातो असं धरून त्याचं अंतर काढतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर पडदा डायपासून निदान ४० सेंटिमीटर लांब हवा, शिवाय वर थोडी भर. ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो आणि तेच अंतर अपुरं पडतं, पडद्याचा हिरवा दिवा मात्र तसाच लागलेला असतो. जुन्या पिन क्लचच्या प्रेसला तर हा पडदा लावून उपयोगच नाही, कारण तिथे क्लच एकदा लागला की फेरी पूर्ण होईपर्यंत सुटत नाही आणि सुरू झालेला स्ट्रोक मध्येच थांबत नाही. तिथे बोट आत जाणारच नाही असं बंदिस्त गार्ड लागतं.

साफसफाईबद्दल फार सांगत नाही. आमच्याकडे खंडेनवमीला मशीन जेवढं चकचकीत असायचं तेवढं वर्षात कधीच नसायचं, आणि कुठला सील गळतो हेही नेमकं त्याच दिवशी दिसायचं. बाकीचे दिवस तेलावर भुसा टाकून गळती झाकली जायची. मशीनला फिकट रंग द्या, तेलाचा ओघळ लगेच नजरेत येतो. ऑडिटच्या आदल्या रात्री मारलेल्या पिवळ्या पट्ट्यांविषयी माझं मत न विचारलेलं बरं.

पहिल्या आठवड्यात सेफ्टी शूज आणि चष्मा कंपनी देईल, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. अंगठी, गळ्यातली चेन, मनगटातला गंडा घरी ठेवा. ड्रिलिंग मशीन किंवा लेथवर हातमोजे घालू नका, फिरतं टोक मोजा धरतं आणि मोज्यासकट हात ओढतं. पत्रा उचलताना मात्र मोजे हवेतच. चिप्स, म्हणजे धातूचा कीस, हाताने ओढू नका, हुक वापरा.

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मामा पहिल्या शिफ्टला गेटजवळ कात्री घेऊन उभे राहायचे. नवी पोरं कुरकुर करायची, बहिणीने बांधलीये म्हणायची. मामा राखी कापून ज्याची त्याला परत द्यायचे आणि लॉकरच्या कडीला बांधायला लावायचे. पुढचा आठवडाभर लॉकर रूम एखाद्या मांडवासारखी दिसायची.