शाळेच्या मैदानी स्पर्धेत नवा प्रकार घ्यायचाय? मग दिवाळीआधीच कामाला लागा

सामानाची यादी मागाहून करू. आधी पंच मोजा. नियम माहीत असलेला माणूस ज्या प्रकाराला मिळतो, तोच प्रकार घ्यायचा. नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ला टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकला, तेव्हापासून दरवर्षी नववीतली पोरं भाला मागायला येतात. आम्ही यंदा तिहेरी उडी (धावत येऊन सलग तीन उड्या) आणि मिश्र रिले घेतोय, भाला सरावापुरताच. पोल व्हॉल्टचं नावही काढू नका, तेवढ्या गाद्यांच्या पैशात अख्खं स्नेहसंमेलन निघेल.

तिहेरी उडीला लांब उडीचाच खड्डा चालतो, घोळ असतो तो अंतराचा. मोठ्यांच्या स्पर्धेत टेकऑफ बोर्ड (जिथून पहिली उडी घ्यायची ती पाटी) रेतीपासून पुरुषांसाठी १३ आणि महिलांसाठी ११ मीटरवर असतो. ते आकडे बघून आम्ही पहिल्या वर्षी मुलांना ११ मीटरवर उभं केलं. एकाची शेवटची उडी रेतीच्या अलीकडे, कडेच्या विटांवर पडली आणि घोटा सुजला. चूक सर्वस्वी माझी. आता ७ आणि ९ मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारतो. सरावात जो आरामात रेतीत पोचतो, त्यालाच लांबची रेघ.

खड्ड्यातली रेती फूटभर खोल उकरून चाळून घ्या. मागच्या वर्षी आमच्या खड्ड्यातून बाटलीची काच निघाली, शिवाय शाळेच्या मांजरीचा ऐवज. आदल्या संध्याकाळी पाणी मारा, कोरड्या रेतीत टाचेची खूण टिकत नाही आणि टेप धरताना भांडणं होतात. पंचांना एकदा बसवून समजवा: पहिल्या दोन उड्या एकाच पायाच्या, म्हणजे उजवा-उजवा-डावा किंवा डावा-डावा-उजवा. मागे राहिलेला पाय जमिनीला घासला तर फाऊल नाही. आपले जुनेजाणते पंच अजूनही त्यावर लाल झेंडी उचलतात.

मिश्र रिले ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली तीही टोकियोतच, ४×४०० मीटर. आपलं मैदान २०० मीटरचं, तेव्हा दोन मुलं, दोन मुली आणि प्रत्येकी एक फेरी. मुलगा-मुलगी-मुलगा-मुलगी हा क्रम सगळ्या हाऊसना सारखाच ठेवा, नाहीतर मैदानावर कोण पुढे आहे ते कुणालाच कळत नाही. आमच्या नागपुरात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातला सिंथेटिक ट्रॅक ज्यांना मिळतो त्यांची आखणी वाचते. आम्ही काळ्या मातीवर चुना टाकणारे. लेन १.२२ मीटर रुंद असेल, तर एका फेरीला बाहेरची प्रत्येक लेन आतल्या लेनपेक्षा ७.६७ मीटर पुढून सुरू होते. मैदान २०० मीटरचं असो की ४००चं, हा आकडा बदलत नाही, कारण तो फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो. शिपाईदादांच्या हाती नुसता टेप देऊन मोकळे होऊ नका, सोबत उभे राहा.

भाल्याचा सराव बांबूवर सुरू करा. खरा घ्यायचाच तर अठरा वर्षांखालच्या मुलांना ७०० ग्रॅमचा, मुलींना ५०० ग्रॅमचा. सगळ्यांचे फेकून झाल्यावर एकदमच आणायला जायचं, चालत. परत आणताना भाला उभा, टोक खाली. हे न पाळणाऱ्याचा त्या दिवसाचा सराव बंद, मग तो मुख्याध्यापकांचा मुलगा का असेना.

वेळापत्रकात उडी आणि रिले यांत निदान तासभर अंतर हवं, उड्या मारणारी पोरंच रिलेत असतात. डिसेंबरात सकाळी थंडी असते, म्हणून उड्या दहानंतर. बसही आधीच सांगून ठेवा, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की गावात गाडी मिळणं मुश्कील.

आणि प्रमाणपत्रं छापायला टाकण्याआधी त्यात नव्या प्रकारांची नावं घाला. आम्हाला एका मुलीच्या प्रमाणपत्रावर ‘लांब’ खोडून पेनाने ‘तिहेरी’ लिहावं लागलं होतं. तिची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली आणि नवं मागून घेऊन गेली.