व्हर्च्युअलबॉक्समधलं हिरवं कासव

ऑफिसातलं एक जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालतं, म्हणून ते व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) टाकून ठेवलंय. परवा ते इतकं रखडायला लागलं की माउस हलवल्यावर दोन सेकंदांनी बाण हलायचा. रॅम ४ जीबीची ८ केली, कोअर वाढवले. ढिम्म फरक नाही.

मग खिडकीच्या खालच्या पट्टीत लक्ष गेलं: तिथे चिमुकलं हिरवं कासव! आधी गंमतच वाटली. पण त्याचा अर्थ असा, की प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची (आभासी कॉम्प्युटर चालवण्याची) सोय हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या तशाच व्यवस्थेने, आधीच धरून ठेवलीय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय.

विंडोज फीचर्समध्ये हायपर-व्हीवर टिक नव्हतीच (इथे माझा अर्धा दिवस गेला). गोम निघाली विंडोज सिक्युरिटीत, कोअर आयसोलेशनखालच्या मेमरी इंटेग्रिटीत. ती सुरू असली की हायपर-व्हीचा गाभा, म्हणजे हायपरव्हायजर, गुपचूप चालू राहतो. सुरक्षेची गोष्ट असल्याने परस्पर हात लावला नाही. आयटीवाल्यांना विचारलं, त्यांनी या एकाच मशीनवर ती बंद करून दिली. रीस्टार्ट केलं, कासव गायब, बाण हाताबरोबर पळायला लागला.

ज्यांना डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) लागतं, त्यांनी मात्र कासवाशी जुळवून घ्यावं; त्यालाही तोच हायपरव्हायजर हवा असतो.