गिरणीच्या शेडचा स्टुडिओ करताना: आधी छप्पर, मग बाकी सगळं

पडक्या गिरणीत शूटिंग करणं वेगळं आणि गिरणीचा स्टुडिओ करणं वेगळं. कुलाब्याची मुकेश मिल 1982 च्या आगीनंतर बंदच राहिली आणि पुढे वर्षानुवर्षं शूटिंगला भाड्याने गेली, पण ती लोकेशन म्हणून. तिथे जळक्या भिंती हाच सेट. स्टुडिओत सिंक साउंड, म्हणजे शूटिंग करतानाच संवादांचा आवाज, घ्यायचा असतो, वर दिवे टांगायचे असतात आणि भर पावसातही शिफ्ट चालवायची असते. जुन्या शेडमध्ये या तिन्ही गोष्टी छपरापाशी येऊन अडतात.

आधी इमारत नीट निवडा. सूतकताईच्या बहुमजली इमारतीत खांब दाट आणि छत ठेंगणं, त्यामुळे ती कपडेपट, मेकअप रूम, एडिटिंग आणि ऑफिसला द्या. बॉयलर हाऊस किंवा उंच गोदाम मिळालं तर शूटिंगचा फ्लोअर तिथेच करा. मालिकेसाठी दिव्यांच्या ग्रिडखाली (दिवे टांगायची वरची जाळी) 6 मीटर मोकळी उंची लागते, सिनेमासाठी 9 मीटर किंवा जास्त. इंग्लंडमधल्या लीव्ह्सडनचा विमान-कारखाना 1990 च्या दशकात स्टुडिओ म्हणून सहज वापरात आला, कारण विमानं मावावीत म्हणून तिथे मुळातच मोठे, बिनखांबी हॉल होते. विणाईच्या शेडमध्ये ती सोय नसते. तिथे मालिकेचे कायमस्वरूपी सेट लावा आणि घराच्या भिंती अशा आखा, की खांब भिंतीच्या आत जातील. खांब काढायचा विचारही नको. एकेका खांबावर चारही बाजूंच्या छपराचा भार असतो.

हे खांब बहुधा ओतीव लोखंडाचे असतात. हे लोखंड ठिसूळ असतं. त्याला वेल्डिंग करू नका, भोक पाडू नका, बाजूला ब्रॅकेट लावून वजन टांगू नका. अनेक शेडमध्ये हे खांब पोकळ असतात आणि पन्हाळीतलं पावसाचं पाणी त्यांच्यातूनच खाली जातं. मे महिन्यात प्रत्येक पन्हाळीत दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि खाली गटारात बाहेर येतं का ते पाहा. नाही आलं, तर खांब तुंबलाय आणि आतून गंजतोय. चालू असला तरी पावसात त्याची खळखळ माइकमध्ये येतेच. पन्हाळीला बाहेरून नवे पाइप जोडून पाणी वळवणं हाच खात्रीचा उपाय.

आता छप्पर. पत्र्यावरचा पाऊस मुंबईत चार महिने रेकॉर्डिंग बंद पाडू शकतो. जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील तर ते फोडू किंवा कापू नका. ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खेच्या अख्खे उतरवा आणि हे काम जाणकार ठेकेदारालाच द्या. वरून नवं जलरोधक छप्पर, मध्ये हवेची पोकळी, त्यात 100 मिमी रॉकवुल (आवाज शोषणारी दगडी लोकर) आणि खाली 12.5 मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर. हे आतलं छत जुन्या कैच्यांना (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांना) अजिबात टेकू देऊ नका, नाहीतर पावसाचा दणका लोखंडातून थेट खाली उतरतो.

म्हणूनच आतमध्ये स्वतःच्या पायावर उभा असलेला वेगळा पोलादी सांगाडा लागतो. आतलं छत, ग्रिड, कॅटवॉक (वरून चालायची अरुंद वाट), तराफे (दिव्यांचे टांगते माचे) सगळं त्यावर. ग्रिडचा भार दर चौरस मीटरला निदान 100 किलो धरा; अंतिम आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. पाया खणण्याआधी चाचणी-खड्डे घ्या, कारण फरशीखाली जुन्या यंत्रांचे दगडी ओटे आणि यंत्रं फिरवणाऱ्या पट्ट्यांचे चर निघतात. हेरिटेज समितीलाही असा सांगाडा पटवणं सोपं जातं: उद्या काढला तर मूळ शेड जशीच्या तशी राहते.

विणाईच्या शेडच्या करवतीसारख्या छपरात उजेडासाठी उत्तरेकडे काच असते. ती फोडू नका, आतून काढता येतील असे काळे पॅनेल बसवा. काच उत्तरेकडे आहे म्हणून ऊन येणार नाही, असं समजू नका. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सेटवर उन्हाचे पट्टे पडतात. सुतारकाम आणि रंगकामाच्या शेडमध्ये मात्र ती काच उघडीच ठेवा.

जाड विटांच्या भिंती आवाज छान अडवतात. आवाज शिरतो तो खिडक्या-दारांतून. सांधे चुन्याचे असतील तर त्यात सिमेंट भरू नका. ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि विटांचे पापुद्रे निघतात. आतून 50 ते 100 मिमी रॉकवुल, त्यावर जाळी आणि काळं अग्निरोधक कापड.

जमिनीत वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं. त्यावर एपॉक्सी टिकत नाही, काही महिन्यांत फुगून सुटतं. जुनी जमीन आणि नवा स्लॅब एकमेकांना चिकटू न देणारा थर टाकून नवा स्लॅब ओता. 3 मीटरच्या पट्टीखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली, तर ट्रॉली शॉट (चाकांवर कॅमेरा सरकवत घेतलेला) हलतो.

एसीचे डक्ट रुंद ठेवा; तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला 2 मीटरच्या आत हवा. चिलर आणि जनरेटर बाहेर, वेगळ्या ओट्यावर. साउंडची वीज दिव्यांच्या लाइनवरून घेऊ नका, गुणगुण येते.

सेट म्हणजे प्लाय, कापड आणि थर्माकोल. त्यात काही शेडमध्ये छपराचं जुनं लाकूड. भिंतीलगत चहूबाजूंनी 1.2 मीटरची वाट कायम मोकळी, विरुद्ध टोकांना दोन दारं आणि स्प्रिंकलर. सेटिंगवाले त्या वाटेत फ्लॅट (सेटच्या सुट्या भिंती) उभे करतातच, म्हणून जमिनीवर पिवळा पट्टा रंगवा आणि रोज सकाळी पाहणी करा. अग्निशमन दलाच्या ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज आराखड्याच्या टप्प्यावरच द्या.

पहिली बुकिंग घेण्याआधी एसी पूर्ण चालू ठेवून, जोरदार पाऊस पडत असताना आवाज मोजा. एनसी (खोलीतल्या पार्श्वआवाजाचं माप; आकडा लहान तितकी शांतता) 25 च्या आसपास आला तर संवाद थेट घेता येतात. जास्त आला तर एसी बंद करून पुन्हा मोजा, म्हणजे दोष डक्टमध्ये आहे की छपरात, ते लगेच कळेल.