घरी वाजवण्यासाठी व्हॉल्व्हचा गिटार अँप घेताना या चुका टाळा

घरासाठी व्हॉल्व्हचा अँप (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी वॅट विचारतात, आणि पहिली चूक तेथेच होते. सोलापूरच्या साखर पेठेतील दोन खोल्यांच्या घरात राहत असताना मी पुण्याहून ३० वॅटचा एक वापरलेला कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) आणला होता. हुतात्मा एक्सप्रेसच्या डब्यात तो चढवायला दोन माणसे लागली. घरी व्हॉल्यूम एकच्या खुणेपर्यंत नेला की शेजारच्या काकू खिडकीत येत, आणि त्याच्या खाली ठेवला की आवाज पातळ व कोरडा येई. त्या अँपमध्ये काहीच बिघाड नव्हता. तो सभागृहासाठी बनलेला होता आणि मी त्याला स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत ठेवले होते. घरचा अँप निवडताना खोली, घरातील वीज आणि उन्हाळा या तीन गोष्टी आधी पाहाव्यात आणि अँपचे नाव व त्याची कीर्ती नंतर, हे मला दोन वर्षे गेल्यावर उमगले.

वॅट अर्धे केले म्हणजे आवाज अर्धा होतो, हा समज खरा नाही. वॅट दुप्पट केल्यावर आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे ५० वॅटचा अँप ५ वॅटच्या अँपपेक्षा दुप्पटच मोठा वाटतो, आणि ३० ऐवजी १५ वॅटचा अँप घेतल्याने शेजाऱ्यांना फरक जाणवेल की नाही, हीच शंका आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकावर त्याची संवेदनक्षमता दिलेली असते, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज होतो तो आकडा. गिटारच्या १२ इंची स्पीकरमध्ये तो ९७ ते १०० च्या आसपास असतो. ९७ डेसिबलचा स्पीकर धरला, तर ५ वॅटचा अँप पूर्ण खोलल्यावर समोर सुमारे १०४ डेसिबल आवाज होतो. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात उभे राहिलेल्यांना ९० डेसिबलच्या पुढचा आवाज म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तेथे शेजारच्या माणसाशी खुणेने बोलावे लागते. उलट घरात सुखाने वाजवण्याची पातळी ८० डेसिबलच्या जवळपास धरली, तर त्यासाठी या स्पीकरला केवळ ०.०२ वॅट पुरतात. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला की घरासाठी १५ वॅट ‘कमी’ आहेत असे कोणी म्हणणार नाही. भारतातील ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हेही विचारात घेतलेले बरे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्यामुळेच लोक निराश होतात. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये आवाज तीन ठिकाणी घडतो: पुढच्या टप्प्यातील ईसीसी ८३ (यालाच १२ एएक्स ७ म्हणतात) यांसारख्या लहान व्हॉल्व्हमध्ये, ईएल ८४ किंवा ६ व्ही ६ यांसारख्या मोठ्या व्हॉल्व्हच्या टप्प्यात व आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि शेवटी स्पीकरच्या कागदी शंकूत. १९६० च्या दशकातील बहुतेक अँपमध्ये मास्टर व्हॉल्यूम (लहान व्हॉल्व्हनंतर एकूण आवाज कमी-जास्त करणारे बटण) नव्हता. त्यांचा गाजलेला जाड, भरदार आवाज मोठे व्हॉल्व्ह थकेपर्यंत पिळल्यावर येई. मार्शल या अँप बनवणाऱ्या कंपनीने १९७५ मध्ये २२०३ या मॉडेलला मास्टर व्हॉल्यूम दिला, आणि कमी आवाजात लहान व्हॉल्व्हचे ओव्हरड्राइव्ह (व्हॉल्व्ह पिळल्यावर येणारा फाटलेला आवाज) मिळू लागले. तुम्हाला हवा असलेला आवाज यांपैकी कोठे तयार होतो, हे ठरवल्याशिवाय अँप घेऊ नये. लहान व्हॉल्व्हचे ओव्हरड्राइव्ह हवे असेल, तर चांगला मास्टर व्हॉल्यूम असलेला अँप घरात उत्तम चालतो. मोठे व्हॉल्व्ह पिळल्यावर येणारा भरदार आवाज हवा असेल, तर १ वॅटचा किंवा वॅट खाली उतरवण्याची सोय असलेला अँप पाहावा. मार्शलच्या डीएसएल ५ सीआर मध्ये ५ वरून अर्ध्या वॅटवर जाण्याची सोय आहे आणि डीएसएल १ मध्ये १ वरून ०.१ वर. आणि स्वच्छ, खणखणीत आवाजच आवडत असेल, तर थोडे जास्त वॅट चालतील, कारण ते वॅट तुम्ही वापरणारच नाही.

‘ट्यूब’ (व्हॉल्व्हचेच दुसरे नाव) हा शब्द खोक्यावर छापला आहे म्हणून अँप पूर्ण व्हॉल्व्हचा आहे, असेही समजू नये. ऑरेंज कंपनीच्या मायक्रो टेरर या अँपमध्ये पुढे एकच लहान व्हॉल्व्ह असून मागचा २० वॅटचा भाग ट्रान्झिस्टरचा आहे. ती वस्तू वाईट नाही, फक्त तिचा मागचा टप्पा पिळल्यावर व्हॉल्व्हसारखा भरदार वाजणार नाही, हे जाणून घ्यावे.

पुष्कळ जण मोठा अँप घेतात आणि नंतर अटेन्युएटर जोडतात. अटेन्युएटर अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून जास्तीची शक्ती उष्णतेत घालवतो. त्याने काम होते, पण मोठे व्हॉल्व्ह पूर्ण आवाजात जितके झिजतात तितकेच झिजत राहतात, आणि दुसरे असे की कान फसतो. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार आवाज लहान झाला की माणसाला खर्ज आणि तार स्वर हे दोन्ही, मधल्या स्वरांच्या तुलनेत, कमी ऐकू येतात. म्हणून मंचावर सुंदर वाटलेली टोनची मांडणी घरी निस्तेज वाटते. अँप बदलण्याआधी बास आणि ट्रेबल थोडे वाढवून, गेन (लहान व्हॉल्व्हला किती पिळायचे ते ठरवणारे बटण) थोडा उतरवून पाहावा. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात, हा माझा अनुभव आहे.

खोलीकडेही पाहावे. आपल्याकडे शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब, म्हणजे आवाज शोषणारे काहीच नाही. कोपऱ्यात फरशीवर ठेवलेल्या अँपचा खर्ज भिंतींमुळे फुगतो आणि जमिनीतून शेजारच्या खोलीत जातो, तर तार स्वर गुडघ्यांवर आदळून कानापर्यंत पोहोचतच नाहीत. अँप मजबूत स्टुलावर, भिंतीपासून हातभर पुढे आणि किंचित वर तिरपा ठेवावा. समोरच्या उघड्या भिंतीवर जाड सोलापुरी चादर सैल लोंबती लावली तर तीक्ष्ण घुमारा कमी होतो. खर्ज मात्र तिने अडत नाही, तेवढी अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

चादरीचा विषय निघालाच आहे, तर माझ्याच घरातील एक प्रसंग येथे सांगणे मला आवश्यक वाटते. मे महिन्यात एकदा वाजवून झाल्यावर अँप बंद न करता स्टँडबायवर (व्हॉल्व्ह तापलेले, पण आवाज बंद) ठेवून मी बाहेर गेलो, आणि धूळ बसू नये म्हणून आईने त्यावर चादर नीट घडी करून घातली. परत आलो तेव्हा खोलीत तापलेल्या वार्निशचा वास भरला होता, वरचे रेक्झिन हाताला चिकटत होते आणि चादरीच्या आतल्या घडीवर तपकिरी डाग पडला होता. चालू व्हॉल्व्हची काच १०० अंशांच्या बरीच पुढे तापते, आणि सोलापुरात बाहेरच ४२-४३ अंश असताना पेटीतील हवेला निघायला वाट नसेल, तर व्हॉल्व्हच्या आधी आतले कपॅसिटर म्हातारे होतात. अँपची मागची बाजू भिंतीला टेकवू नये, बंद केल्यावर अर्धा तास तरी काही झाकू नये, आणि पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ उठायचे असेल तर स्टँडबायच्या भरवशावर न राहता अँप सरळ बंद करावा. काच गरम असताना अँप उचलून हलवूही नये.

आता विजेविषयी, कारण येथे चूक झाली तर प्रश्न आवाजाचा न राहता जिवाचा होतो. गिटारच्या तारा केबलमार्फत अँपच्या लोखंडी चॅसीला जोडलेल्या असतात, आणि चॅसी अर्थिंगला. जुन्या घरांतील तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरे भोक असते, पण त्यामागे तार असेलच असे नाही. आमच्या घरी वायरमनने बोर्ड उघडला, तेव्हा अर्थिंगची हिरवी तार नळाच्या पाइपला गुंडाळलेली निघाली, आणि तो लोखंडी पाइप काही वर्षांपूर्वी बदलून तेथे पीव्हीसीचा बसवला होता. म्हणजे ती तार कोठेच जात नव्हती. अँप घेण्याआधी वायरमनकडून फेज व अर्थ यांमधील आणि न्यूट्रल व अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून घ्यावे. पहिले २३० च्या जवळ आणि दुसरे दोन-चार व्होल्टच्या आत असावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कितीही जाणकार असो, ऐकू नये. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणे हे नेहमीचे आहे. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येणे हा दोष आहे, आणि तो निघेपर्यंत अँप वापरू नये.

यंत्रमागाच्या वस्तीत मोटारी सुरू होताना व्होल्टेज खाली जाते आणि रात्री माग थांबल्यावर ते चढते. व्हॉल्व्हच्या आतील तापणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट लागतात. भिंतीत २३० ऐवजी २५० आले तर तेथे सुमारे ६.८५ पोहोचतात, आणि त्याच प्रमाणात आतला उच्च विद्युत दाबही वाढतो. एखाद्या रात्री असे झाल्याने बिघडत नाही, पण रोजच होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर घ्यावा. लाईट गेल्यावर अँप इन्व्हर्टरवर चालवायचा असेल, तर तो इन्व्हर्टर साइन वेव्हचा असला पाहिजे. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर भणभणतो आणि तापतो.

नातेवाईक अमेरिकेतून स्वस्तात अँप आणून देतात, ही आणखी एक अडचण. तेथील अँप १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी असतो. तो येथे थेट लावला तर तेव्हाच जळतो, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी वारंवारता ५० हर्ट्झच राहते, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर अधिक गरम होतो. व्हॉल्व्हचा अँप भिंतीतून त्याच्या नावावरील वॅटच्या कितीतरी पट शक्ती ओढतो, हे धरूनच स्टेप-डाउनची क्षमता ठरवावी, आणि त्याच्या बाहेरच्या सॉकेटला अर्थ आहे ना, हे तपासावे.

एक चूक एकदाच केली तरी महाग पडते: स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप वाजवणे. ट्रान्झिस्टरच्या अँपला त्याने सहसा काही होत नाही. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधील ऊर्जेला बाहेर पडायला जागा उरत नाही, आतला विद्युत दाब प्रचंड चढतो आणि वेटोळ्यांमधील इन्सुलेशन फुटते. स्पीकरच्या जॅकमध्ये हेडफोन घालणे हीही तीच चूक आहे. ओहम जुळवावेत, म्हणजे ८ च्या जॅकला ८ चाच स्पीकर. आणि त्यासाठी स्पीकरचीच केबल वापरावी, गिटारची नव्हे.

बिघाड ओळखताना क्रम पाळावा. गिटारची केबल काढूनही गुणगुण राहिली, तर व्हॉल्यूम शून्यावर आणावा. तरीही राहिली, तर ती मागच्या टप्प्यातून किंवा वीजपुरवठ्यातून येत आहे. तिचा स्वर सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटजवळ (तो जी सुमारे ९८ हर्ट्झचा असतो) लागला, तर ती १०० हर्ट्झची आहे, आणि संशय जुन्या फिल्टर कपॅसिटरवर जातो. त्याहून एक सप्तक खाली लागला, तर ५० हर्ट्झ, म्हणजे अर्थिंग किंवा व्हॉल्व्हच्या तारेचा प्रश्न. टणटण असा धातूचा आवाज येत असेल, तर अँप मंद चालू ठेवून लहान व्हॉल्व्हच्या काचेवर पेन्सिलीच्या लाकडी टोकाने हलकेच टिचकी मारावी. ज्याच्यावर टिचकी मारल्यावर स्पीकर वाजतो, तो व्हॉल्व्ह बदलावा. मोठ्या व्हॉल्व्हमधील धातूची पट्टी लाल तापलेली दिसली तर त्याच क्षणी अँप बंद करावा. फ्यूज उडाला तर तेवढ्याच क्षमतेचा नवा घालावा, आणि तोही उडाला तर तिसरा घालू नये.

चॅसी मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट साठलेले राहू शकतात. पूर्वी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेले कारागीर आपल्या शहरात अजून भेटतात, आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्ह त्यांनी स्वतःच्या हातांनी बदललेले असतात. त्यांच्याकडे सर्किटचा कागद छापून नेला, तर ते काम मनापासून करतात. व्हॉल्व्ह बदलल्यावर बायस (मोठ्या व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा याची जुळणी) तपासायचा आहे की अँप तो स्वतः सांभाळतो, हे त्यांना आधीच सांगावे.

चांगले चालणारे व्हॉल्व्ह उगीच बदलण्याचा खर्च टाळावा. लहान व्हॉल्व्ह अनेक वर्षे टिकतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा जगभर व्हॉल्व्हचा तुटवडा झाला होता, त्यामुळे मोठ्या व्हॉल्व्हची एक जोडी घरात राखून ठेवणे शहाणपणाचे आहे.

वापरलेला अँप पाहायला जाताना स्वतःची गिटार घेऊन जावी, आणि मालकाने मोठ्या आवाजात वाजवून दाखवले तरी तुम्ही घरी ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात वीस मिनिटे वाजवावे. तेवढ्या वेळात तो तापतो, आणि तापल्यावरच त्याची कुरकुर, गुणगुण आणि वास कळतो.