क्लाउनफिशची पिल्लं चौथ्या दिवशी मरायची, शेवटी असं जमलं

ओसेलारिसची (केशरी-पांढरा क्लाउनफिश) जोडी खापरावर अंडी घालायची, पिल्लंही फुटायची, पण चौथा दिवस काही पार करायची नाहीत. आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जिवंत खाऊ) दिला तर तोंडात मावेना, पाणी बदलून पण तेच. तीन बॅच गेल्या, डोकंच फिरलं.

चौथ्या वेळी अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागले (अंडी घातल्यापासून आठवा दिवस), त्या संध्याकाळी खापर वेगळ्या टबात ठेवलं, पाणी मेन टँकचंच, हीटर २७ वर, बाजूंना काळा कागद, खापराखाली एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), मग पूर्ण अंधार. रात्रीच फुटली. सकाळी आधी नॅनोक्लोरोप्सिस (सूक्ष्म हिरवं शेवाळ) टाकून पाणी फिकट हिरवं केलं, मग रोटिफर (आर्टेमियाहूनही बारीक जिवंत खाऊ), एका मिलीला दहाएक, आणि लाइट एकदम मंद, कारण लख्ख उजेडात ती काचेलाच धडका देत बसतात, खात नाहीत. रोटिफर विरळ दिसले की लगेच भर. पिल्लं फुटल्यावर आठव्या दिवसापासून नुकता फुटलेला आर्टेमिया थोडा थोडा. बाराव्या दिवशी पहिला पांढरा पट्टा दिसला, बायकोला झोपेतून उठवून दाखवला!