गिटारच्या रचना युकेलेलेवर वाजवताना या चुका टाळा

अभिजात गिटारच्या रचना युकेलेलेवर (गिटारसारख्या चार तारांच्या छोट्या वाद्यावर) वाजवू पाहणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक पहिला सूर छेडण्याआधीच झालेली असते: रूपांतर ‘लो-जी’साठी लिहिलेले असते आणि हातातले वाद्य ‘हाय-जी’मध्ये लावलेले असते. लो-जी, म्हणजे चौथी तार खालच्या ‘जी’ सुरात लावलेले युकेलेले, हे पाचव्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावलेल्या गिटारच्या पहिल्या चार ताराच. हाय-जीमध्ये मात्र चौथी तार एक सप्तक वर जाते.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने स्पॅनिश गिटार-रचनाकार फ्रान्सिस्को तारेगाची ‘लाग्रिमा’ तीन आठवडे घोटली होती. बोटे अगदी बरोबर पडत होती, तरी रचना ओळखू येईना, आणि मीही पहिल्या दिवशी उगाच त्याच्या अंगठ्याला दोष देऊन मोकळा झालो. तिच्या पहिल्याच ठोक्याला चौथ्या तारेवर दुसरा आणि पहिल्या तारेवर चौथा फ्रेट दाबायचा असतो. खर्ज आणि चाल यांच्यात सप्तकाहून जास्त अंतर राहते आणि त्या रिकाम्या जागेतच या रचनेचा उसासा आहे. हाय-जीवर खर्जाचा सूर चालीच्या अगदी काखेत येऊन बसतो आणि मधली मोकळी दुसरी तार दोघांच्याही खाली वाजते. त्यामुळे टॅब (तारा आणि फ्रेट आकड्यांत दाखवणारी लिपी) उघडण्यापूर्वी चौथी आणि तिसरी तार लागोपाठ छेडून चौथी खाली वाजते की वर, हे पाहण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. ‘तार न बदलता चालवून घेता येईल का’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर ठाम नकाराचे असते. लो-जीची तार मात्र जाड असते. ती नटच्या (दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत नीट बसत नसेल, तर खाच जाणकाराकडूनच रुंद करून घ्यावी.

याउलट, हाय-जीसाठी लिहिलेले कँपानेला पद्धतीचे (लागोपाठचे सूर वेगवेगळ्या तारांवर घेऊन घुमत ठेवण्याचे) टॅब ‘सोपे’ करण्याच्या नादात नवशिके त्याची वाट लावतात. पहिल्या तारेवर तिसरा, चौथ्या तारेवर चौथा आणि दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट हे तीन उतरते सूर असून, तिन्ही बोटे दाबून ठेवल्यास ते घंटांसारखे एकमेकांत मिसळतात. तेच सूर एका तारेवर वाजवले, तर नवा सूर आधीच्याला गिळून टाकतो. स्पॅनिश गिटारवादक गास्पार सान्सने 1674 मध्ये बरोक गिटारसाठी लिहिलेल्या ग्रंथातही उलट्या क्रमाने लावलेल्या तारांचा हा फायदा घेतलेला आहे. तेव्हा तारांवर विखुरलेले आकडे पाहून रूपांतरकाराला नावे ठेवू नयेत. बोट तेव्हाच उचलावे, जेव्हा ते दुसरीकडे खरोखर हवे असेल.

बारा फ्रेटच्या सोप्रानोवर, म्हणजे छोट्या आकाराच्या युकेलेलेवर, ‘रोमान्स’ ही गिटारची प्रसिद्ध रचना घेऊ नये. तिची चाल बाराव्या फ्रेटपर्यंत चढते आणि तिथे बोट धड मावत नाही.

व्हिडिओच्या वेगाने पहिल्याच दिवशी वाजवणाऱ्यांना मी शेवटची चारच मापे देतो आणि ती स्वच्छ येईपर्यंत आधीचे पान उलटू देत नाही.