शेवंतीला सारख्या उंचीचे भरपूर शेंडे कसे आणायचे

रोप 15-20 सेंमी झालं आणि खाली पाच-सहा पूर्ण पानं असली की मधला शेंडा खुडा. फक्त वरची 2-3 सेंमी कोवळी वाढ, नखाने सहज तुटेल तेवढीच. देठ कडक झालेल्या जागी कापलं तर फूट उशिरा आणि विरळ येते. शेंड्यातलं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटायच्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा गेला की पानांच्या बगलेतून तीन-चार फांद्या निघतात. त्या 10-12 सेंमी झाल्या की पुन्हा खुडा.

गडबड होते ती इथे. वरची फांदी पुढे पळते, खालच्या तिच्या सावलीत रेंगाळतात. म्हणून जोमदार फांदी आधी खुडा किंवा बाहेर वाकवून सैल सुतळीने कुंडीच्या काठाला बांधा. भरपूर पाणी प्यालेली फांदी ताठ असते, वाकवली की बुंध्याशी चिरते. त्यामुळे हे काम पाणी घालण्याआधी करा, तेही दोन-तीन दिवसांत थोडं थोडं.

नुकतीच कुंडी बदललेल्या रोपाला मात्र हात लावू नका. आणि फुलांच्या हंगामाआधी साधारण तीन महिने खुडणं बंद, नाहीतर शेंड्यासोबत कळ्याही जातात.